बोर्डाखालचं नाव



आज एका साध्याच प्रश्नावर बोलायचं आहे. चित्र काढणारा, अक्षरं घडवणारा, पाकिटावरची नक्षी आखणारा माणूस सापडतो कसा? काम चांगलं असणं ही झाली एक गोष्ट. ज्याला त्या कामाची गरज आहे त्याच्या नजरेला ते पडणं ही अगदी वेगळी गोष्ट. पहिली गोष्ट आम्ही कलाशिक्षक वर्गात शिकवतो. दुसरी शिकवत नाही, कारण खरं सांगायचं तर ती आम्हालाच नीट माहीत नसते.

मी उपयोजित कलेची पदविका घेतली ती 1983 साली. त्या काळी सापडण्याचा एकच मार्ग होता. भलीमोठी काळी फाइल काखोटीला मारायची, रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची आणि जाहिरात संस्थांच्या बाहेरच्या खोलीत बसून राहायचं. आत कलाविभागाचे प्रमुख असत. ते बोलावतील तेव्हा बोलावतील. मी चार दिवसांत सात ठिकाणी बसलो. त्यातल्या दोघांनी फाइल उघडली. एकाने तर चहाचा कप माझ्या ले-आऊटवरच ठेवला. त्याचा डाग मी पुढे कित्येक वर्षं जपून ठेवला होता, आता ती फाइलच राहिली नाही. पाचव्या दिवशी मी परत आलो आणि पुढे इकडेच छापखान्यांची कामं, नंतर मास्तरकी, असं आयुष्य गेलं. तक्रार नाही. पण त्या सात ठिकाणी माझं काम नापसंत झालं नव्हतं, पाचांनी ते पाहिलंच नव्हतं, हे मात्र मनातून गेलं नाही.

आपल्याकडे याहून जुनी एक पद्धत होती, आणि ती जास्त चांगली होती. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ आठवा. 1945 साली त्यांनी ‘दीपावली’ सुरू केला. चित्राच्या कोपऱ्यात त्यांची सही असायची. रघुवीर मुळगावकरांची देवादिकांची चित्रं कॅलेंडरांतून घरोघरी भिंतीवर लागली, त्यांच्याही खाली नाव होतं. दोघेही मूळचे गोव्याचे. ज्यांनी आयुष्यात कधी चित्रप्रदर्शन पाहिलं नाही अशा बायाबापड्यांना ही नावं पाठ होती. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांचं अक्षर दिसलं की जाणकार माणूस नाव न वाचता ओळखायचा. म्हणजे काय, तर काम आणि नाव एकत्र फिरत होतं. काम जिथे जाईल तिथे नाव त्याच्या बरोबर जात होतं. पण अशी सही करण्याचा मान किती जणांना मिळणार? बाकीचे आम्ही सगळे बिनसहीचे. साबणाच्या वेष्टनावर, औषधाच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेवर कोण सही करू देतो?

आता इंटरनेटकडे येतो.

2000 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘डेव्हियंटआर्ट’ सुरू झालं. हौशी आणि व्यावसायिक, दोन्ही तऱ्हेचे चित्रकार तिथे आपली चित्रं टाकू लागले. 2005 साली न्यूयॉर्कमध्ये स्कॉट बेल्स्की आणि मातियास कोरेआ या दोघांनी ‘बिहान्स’ची स्थापना केली. तिचा रोख पहिल्यापासून व्यावसायिक कलावंतांवर होता. 2012 च्या डिसेंबरात अडोबी कंपनीने ती विकत घेतली. 2009 साली डॅन सीडरहोम आणि रिच थॉर्नेट यांनी ‘ड्रिबल’ काढलं. नाव बास्केटबॉलमधलं, आणि पुढची सगळी परिभाषाही तिथलीच. सभासद म्हणजे खेळाडू, टाकलेलं चित्र म्हणजे शॉट. गंमत म्हणजे सुरुवातीला तिथे कुणालाही चित्र टाकता येत नसे. आधीच्या खेळाडूने निमंत्रण दिलं तरच. बाकीचे कडेला उभे, कुणीतरी आपल्याला संघात घेईल या आशेवर. पुढे ही अट राहिली नाही, पण मला ती ऐकल्यावर माझी बाहेरची खोलीच आठवली होती. खुर्च्या तेवढ्या नव्या.

सुरुवातीच्या काळात या सगळ्या ठिकाणांचा समज असा होता की चित्र टाकलं की झालं, लोक येतील आणि पाहतील. लोक आले, पण चित्रं त्याहून जास्त आली. 2020 मध्ये बिहान्सची सभासदसंख्या 2 कोटी 40 लाखांच्या वर होती. आता विचार करा, एवढ्या मोठ्या जत्रेत तुम्ही एक फडकं अंथरून बसला आहात. तुमचा माल उत्तम आहे. गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचणार कसं?

म्हणून मग या मंडळींनी वाटा दाखवणाऱ्या सोयी एकेक करून घडवायला घेतल्या. त्यातली पहिली म्हणजे निवड. जाणकार माणसं बसवून रोज काही कामं वेचायची, वेगळ्या दालनात लावायची आणि त्यावर रिबन लावायची. ही आपली नेहमीचीच, प्रदर्शनातल्या पारितोषिकासारखी. दुसरी दाद. निळं बटण दाबलं की तुमची पसंती नोंदली जाते. तिसरी म्हणजे अनुसरण, एखाद्याचं काम आवडलं की त्याचं पुढचं काम आपोआप तुमच्यासमोर येतं. या तिन्हींचा फायदा कुणाला जास्त होतो? जो आधीच थोडाफार माहीत आहे त्याला. दादीकडे दाद जाते, हे गाण्याच्या मैफलीतही आपण पाहतोच.

मला महत्त्वाच्या वाटतात त्या दुसऱ्या, कमी चमकदार सोयी. गावावरून शोधता येणं. कोणत्या प्रकारचं काम, कोणत्या साधनाने केलं, यावरून शोधता येणं. हा माणूस सध्या काम घ्यायला मोकळा आहे की नाही, हे त्याच्या नावापाशीच दिसणं. ड्रिबलवर तर चित्रातले रंग यंत्र आपणच ओळखतं आणि खाली त्यांचे छोटे चौकोन मांडतं. एका रंगावर टिचकी मारली की त्या रंगाची दुसऱ्यांची कामंही समोर येतात. म्हणजे एखादा हळद कारखानदार पिवळ्यावरून चित्रकारापर्यंत पोचू शकतो. यात ओळख लागत नाही, वशिला लागत नाही आणि बाहेरच्या खोलीत बसावं लागत नाही.

हे सगळं मी आज मोठ्या जाणकारीने सांगतो आहे. पण बारा वर्षांपूर्वी मी याच्या अगदी उलट सांगत होतो, आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली. ते सांगण्यासाठीच खरं तर आज इथे आलो आहे.

मुलगी इचलकरंजीची. वडील बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीत भिंती. घरात ब्रश आणि इनॅमलचा वास घेतच ती वाढली. देवनागरी अक्षराचं तिचं वळण मी माझ्या नोकरीत दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. वेलांटी अशी टाकायची की शिरोरेषेवर पक्षी येऊन बसावा. 2014 साली ती शेवटच्या वर्षाला होती. एके दिवशी तिने विचारलं, “सर, बिहान्सवर काम टाकू का? पुण्याची मुलं टाकतात.”

मी म्हणालो, “अजिबात नको. चोरतील.”

माझ्या बोलण्याला कारण होतं. चारपाच वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकासाठी शीर्षकाची अक्षरं केली होती. मित्राच्या मुलाने कौतुकाने त्यांचा फोटो नेटवर टाकला. सहा महिन्यांत तीच अक्षरं, माझा मधला एक उकार तेवढा बदलून, एका मिठाईच्या खोक्यावर छापून आली. छापखानदाराला विचारलं तर म्हणाला, नेटवरचं काय कुणाच्या बापाचं असतं का? मी कोर्टात जाणार नव्हतोच, ते त्यालाही ठाऊक होतं. तो राग मी त्या मुलीच्या प्रश्नावर काढला. एवढंच.

तिने ऐकलं. आपल्याकडची मुलं शिक्षकांचं फार ऐकतात, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट वाटते. ती एका फ्लेक्सच्या दुकानात लागली. वाढदिवसाचे शुभेच्छा फलक, श्रद्धांजलीचे फलक, संगणकावर तयार फाँट, तयार सोनेरी किनार. ज्या फ्लेक्सने तिच्या वडिलांचा धंदा बसवला, त्याच फ्लेक्सवर ती तीन वर्षं बसली. त्याच वर्गातला एक मुलगा, हात बेताचाच, त्याने माझं ऐकलं नव्हतं. तो काम टाकत राहिला आणि दीड वर्षात पुण्याला चांगल्या नोकरीला लागला. 2017 च्या गणपतीत ती घरी आली. तक्रार काही केली नाही. फक्त म्हणाली, “सर, चोरायला तरी कुणी बघायला पाहिजे ना?”

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री झोपही लागली नाही.

मग आम्ही दोघं मिळून शिकलो. दोघं म्हणायचं, शिकली तीच, मी चष्मा लावून शेजारी बसायचो. पहिला प्रयत्न साफ फसला. तिने नऊ चित्रं एकदम टाकली. मोबाइलवर संध्याकाळच्या उजेडात काढलेले फोटो, नाव म्हणून कॅमेऱ्याने दिलेले आकडे आणि खाली मजकूर काही नाही. महिनाभरात चौदा जणांनी पाहिलं. त्यातली सहा वेळा तीच होती आणि दोनदा मी.

तेव्हा लक्षात आलं की सोयी आहेत, पण त्यांना खाद्य द्यावं लागतं. यंत्राला चित्र आवडत नाही की नावडत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच त्याला कळतं. गाव लिहिलं नाही तर गावावरून शोधणाऱ्याला तुम्ही नाहीच. ‘काम घ्यायला मोकळी’ ही खूण केली नाही तर तुम्ही हौशी. आणि शोधशब्द! यात आम्हा मराठी माणसांची एक खास अडचण आहे. अक्षरांकन करून घेणारा गिऱ्हाईक बेंगळुरूत किंवा लंडनमध्ये बसून रोमन लिपीत शोधणार. ‘देवनागरी’ हा शब्दच लोक रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहितात, ‘व’नंतर ‘ए’ घालून आणि न घालताही. दोन्ही द्यावे लागतात. शिवाय ‘मराठी’, शिवाय ‘हिंदी’, कारण हिंदीवाल्यालाही तीच अक्षरं हवी असतात. शिवाय देवनागरीतले शब्द वेगळे. एका चित्रामागे अर्धा तास शब्द शोधण्यात जायचा. मला हे आधी हमालीचं काम वाटलं. नंतर वाटलं, छापखान्यात खिळे जुळवताना तरी आपण दुसरं काय करत होतो?

दुसऱ्या खेपेला तिने वेगळंच केलं. वडिलांनी रंगवलेल्या गावातल्या पाट्यांचे सकाळच्या उन्हात फोटो काढले. किराणा, सूतव्यापारी, सायझिंग, सलून. बऱ्याचशा पाट्या फ्लेक्सखाली झाकल्या गेल्या होत्या. दोन ठिकाणी दुकानदाराला विनवून फ्लेक्स वर उचलून फोटो घेतला. वडिलांच्या ब्रशच्या वळणावरून तिने ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत अख्खी वर्णमाला घडवली, जोडाक्षरांसकट. आणि कसं केलं तेही टप्प्याटप्प्याने दाखवलं: खडू लावलेली दोरी ताणून मारलेली ओळ, पेन्सिलीचा कच्चा आराखडा, पहिला हात, दुसरा हात. मजकूर तिने साध्या इंग्रजीत लिहिला आणि खाली मराठीतही.

रिबन मिळाली नाही. आजतागायत मिळालेली नाही. दादही पहिल्या आठवड्यात तीसच्या आत. पण अकराव्या दिवशी बेंगळुरूच्या एका स्टुडिओचं पत्र आलं. मसाल्याच्या पाकिटांवर देवनागरी अक्षरं हवी होती. फाँट नको, हाताची हवी. त्यांनी कुठल्या दालनात पाहिलं नव्हतं, कुणाच्या शिफारशीने आले नव्हते. लिपीचं नाव आणि देशाचं नाव टाकून शोधलं, एवढंच. त्या एका कामाचे पैसे फ्लेक्सच्या दुकानातल्या पाच महिन्यांच्या पगाराएवढे होते. पुढच्या वर्षी तिने दुकान सोडलं.

आता कुणी म्हणेल, बघा, नवी सोय आली आणि सगळं गोड झालं. तसं नाही. या मांडणीचे दोष मला अजूनही खुपतात. ड्रिबलची पहिली चौकट होती 400 बाय 300 पिक्सेलची, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तेवढ्यात उठून दिसायचं तर काम तसंच करावं लागतं: गुळगुळीत, चकचकीत, एका नजरेत कळणारं. 2013 साली पॉल ॲडम्स या डिझायनरने यावर नेमकं बोट ठेवलं होतं. त्याने या प्रकाराला ‘डिझाइनचं ड्रिबलीकरण’ अशा अर्थाचं नावच देऊन टाकलं. त्याचं म्हणणं असं की अडचण कुठली सोडवली याचा पत्ता नसतो, सहकलावंतांना आवडेल असं देखणं चित्र तेवढं असतं. मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत हे रोज पाहतो. तोच जांभळा, तेच गोल कोपरे, सांगलीचा मुलगा आणि साओ पावलोचा मुलगा सारखंच काढतो. दिसण्यासाठी काम करता करता सगळेच एकमेकांसारखे दिसायला लागतात. मग शोधणाऱ्याने शोधायचं तरी काय?

आणि चोरी? माझी भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. उलट आता चोरीची जात बदलली आहे. यंत्रं लाखो चित्रं पाहून त्यांच्यासारखी नवी चित्रं काढतात. 2022 च्या डिसेंबरात ‘आर्टस्टेशन’ या ठिकाणच्या चित्रकारांनी त्याविरुद्ध मोठा निषेध केला. आपापल्या पानांवर सगळ्यांनी नकाराची एकच पाटी लावली. दुसऱ्या बाजूने एक वेगळा प्रयत्न चालू आहे. अडोबी, न्यूयॉर्क टाइम्स आणि तेव्हाचं ट्विटर यांनी 2019 मध्ये एक उपक्रम जाहीर केला. चित्र कुणी केलं, कशाने केलं, त्यात पुढे काय बदल झाले, ही माहिती चित्राच्या आतच बांधायची, असा त्याचा हेतू. बिहान्सवर ती माहिती दाखवण्याची सोय झाली आहे. हे कुलूप नाही. चोरणारा माहिती पुसून टाकू शकतो, आणि पडद्याचा फोटो काढला की सगळं गळून पडतं. पण दलालांच्या कोपऱ्यातली सहीसुद्धा कुलूप कुठे होती? कुणीही कात्रीने कापू शकत होता. मला या युक्तीची जातकुळी तीच वाटते, म्हणून थोडी आशा वाटते. थोडीच.

मुलीने एक हट्ट मात्र धरला होता. वर्णमालेच्या त्या कामावर वडिलांचंही नाव हवं. एका कामाचे दोन कर्ते दाखवण्याची सोय आहे, पण दुसऱ्या कर्त्याचं स्वतःचं खातं असावं लागतं. त्याला निमंत्रण जातं, ते त्याने स्वीकारावं लागतं. वडील तयार होईनात. म्हणाले, “आमचं काम रस्त्यावर हाय की. ज्याला बघायचंय त्यो मान वर करून बघतोय.” वर्षभर हे चाललं. शेवटी मी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत रंगाचे डबे, एक अर्धवट पाटी. तिच्या उजव्या कोपऱ्यात खाली, बोटाएवढ्या अक्षरांत, त्यांचं नाव आणि गाव. पाटी पुरी व्हायच्या आधीच सही केलेली.

मी विचारलं, “पेंटर, हे कशासाठी लिहिता?”

“गिऱ्हाईकाला कळाय नको व्हय, कुणी केलंय ते?”

“मग हे तेच आहे,” मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. हात पुसून मुलीशेजारी येऊन बसले. नाव झालं, गाव झालं. व्यवसायाच्या रकान्यापाशी गाडी अडली. मुलगी म्हणाली, ‘लेटरिंग आर्टिस्ट’ लिहू या. त्यांना ते पटेना. मला विचारलं, “सर, ह्यात काय लिवायचं?” मी म्हटलं, तुम्ही स्वतःला काय म्हणता ते लिहा. त्यांनी वहीच्या कागदावर पेनने लिहून दिलं, सावकाश, शिरोरेषा शेवटी ओढून: ‘बोर्ड पेंटर. मु. पो. इचलकरंजी.’ मुलीने ते तसंच टाकलं.

मोकळे आहात का, या प्रश्नावर ते हसले. म्हणाले, “मोकळाच हाय की दहा वर्षं.”

त्या खात्यावरून त्यांना आलेली पहिली चौकशी लंडनहून आली नाही, बेंगळुरूहूनही नाही. ती आली जवळच्याच जयसिंगपूरहून. पुण्यात डिझाइन शिकणाऱ्या एका मुलाने आपल्या भागात हाताने पाट्या रंगवणारं कुणी उरलंय का, हे शोधून पाहिलं होतं. त्याच्या वडिलांचं पेढ्याचं दुकान होतं. फ्लेक्स काढून रंगवलेली पाटी लावायची होती. पेंटर सायकलने निघाले होते, मुलीने एसटीत बसवलं.